चांदण्यांचा डबा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या नोएडातल्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर कुकीजच्या ऑर्डरी सुरू होतात. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी घरीच भाजून विकते. फोटो टाकते. झाड, घंटा, मोजा, टोपीवाला म्हातारा, चांदणी, सगळ्यांवर पांढऱ्या-लाल साखरेची नक्षी. काम सुबक आहे, नाव ठेवायला जागा नाही. फोटो पडायचा अवकाश, की खाली पहिला प्रश्न येतो, "एगलेस?" ती अंगठा दाखवते. लगेच "मेरे दो डिब्बे." संपलं. विचारणारीला संकोच नाही, सांगणारीला राग नाही.

तो प्रश्न वाचला की मी चिडते. ग्रुपवर नाही, स्वतःवर. आमचे हे पेपरातून डोकं वर काढतात, "आता काय झालं?" मी म्हणते, "काही नाही, तुमचा चहा निवतोय." काय सांगणार? हा एवढासा प्रश्न अकरा वर्षांत माझ्या तोंडून निघाला नव्हता, हे त्यांनाही माहीत आहे.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहत होतो, सरकारी क्वार्टरमध्ये. जिन्याला दोन दारं समोरासमोर, एक आमचं, एक साळव्यांचं. साळवे साहेब एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मूळचे श्रीरामपूरकडचे. बायको मार्था, मुलगी रूथ. आम्ही सांगलीचे. दिल्लीत समोरच्या दारात मराठी माणूस मिळणं म्हणजे लॉटरीच. मी आणि मार्था एकमेकींना "वहिनी" म्हणायचो. कढीपत्ता इकडून तिकडे, पापड तिकडून इकडे. आमच्या सासूबाईंना चक्कर आली तेव्हा टॅक्सी बोलावून त्यांना दवाखान्यात नेणारे साळवे साहेबच. आमचे हे तेव्हा टूरवर होते.

दिल्लीची थंडी मी तिथे शिकले. सांगलीत थंडी म्हणजे सकाळी शाल. इथे अकरा वाजता धुकं उठलं की बायका खुर्च्या घेऊन बाल्कनीत यायच्या आणि ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवायच्या. मांडीवर मटारचं ताट, पायांत मोजे, तोंडात शेंगदाणे. या बाल्कनीतून त्या बाल्कनीत सगळ्या ब्लॉकची खबरबात. तुपाची वाटी उलटी केली तरी तूप पडत नाही आणि पीठ मळताना बोटं दुखतात.

त्याच दिवसांत साळव्यांकडून लोण्याचा वास यायला लागायचा. मार्थाकडे गोल ॲल्युमिनियमचा जुना ओव्हन होता, झाकणाला काचेचा डोळा असलेला. नाताळचा बाकीचा फराळ आमच्यासारखाच, करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. पण ही साच्याने कापायची बिस्किटं तिची दिल्लीतली शिकलेली विद्या. शेजारच्या ब्लॉकमधल्या कुणा केरळी बाईंनी शिकवली, असं ती सांगायची. रविवारी तिघं जण टेबलाभोवती बसायची. मार्था लाटणार, रूथ पत्र्याच्या साच्याने कापणार आणि साळवे साहेब, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, प्रत्येक बिस्किटावर मधोमध टुटीफ्रुटीचा एकेक तुकडा बसवणार. फायलीवर सही करावी इतक्या गंभीरपणे. मी दारातून जाता-येता बघायचे आणि हसायचे. "साहेब, वाकडी बसली!" म्हटलं की ते खरंच ती उचलून पुन्हा बसवायचे.

चोवीस तारखेला रूथ आमचं दार वाजवायची, ती लहान होती तोवर मार्था. हातात स्टीलचा डबा, आत बटर पेपर, त्यावर चांदण्या. पाच टोकांच्या, कडेला किंचित तांबूस, मधोमध एकच हिरवी टुटीफ्रुटी. दर वर्षी चांदण्याच, दर वर्षी हिरवीच. मला वाटायचं लाल ही पोरगी खाऊन टाकत असेल.

मी डबा घ्यायचे, "अगं, कशाला एवढं" म्हणायचे आणि फ्रिजवर ठेवायचे. आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "त्यात अंडं असतं." प्रश्न नाही, निकाल. दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाली कमला आली की चांदण्या तिच्या पिशवीत. डबा घासून, पुसून मी त्यात बेसनाचे लाडू भरायचे आणि समोर नेऊन द्यायचे, कारण डबा रिकामा परत करायचा नाही, हे शिकून आले होते ना मी माहेरून. मार्था विचारायची, "कशा झाल्या होत्या?" आणि मी म्हणायचे, "एकदम खुसखुशीत!" तोंड वर करून. अकरा वर्षं.

आता सगळं सासूबाईंवर ढकलून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण तशी सोय नाही. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ब्रेड-ऑम्लेट खात होते. कुणाचा वाढदिवस असला की केक खात होते, आणि तो कशाचा आहे हे एकदाही विचारलं नाही. साळव्यांकडे चहा प्यायचे, फक्त बशीतलं बिस्कीट "आत्ताच जेवले हो" म्हणून बाजूला सारायचे. आणि सासूबाई गेल्या त्याच्यानंतरचे दोन नाताळसुद्धा डबा कमलाच्याच पिशवीत गेला. घरात अडवणारं कुणी उरलं नव्हतं. अंडं हे नुसतं निमित्त होतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

बाराव्या वर्षी दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत साळवे साहेब गेले. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता. माणूस सकाळी जिन्यात मला "आज धुकं फार आहे, सांभाळून जा" म्हणाला होता. नातेवाईक आले, आठ-दहा दिवस राहिले, गेले. क्वार्टर सोडायला मुदत मिळाली होती, रूथची वार्षिक परीक्षा होईपर्यंत. मग दोघी श्रीरामपूरला जाणार हे ठरलेलं होतं. बारा वर्षांची पोरगी शाळेतून यायची आणि जिन्यात पायरीवर बसून राहायची. मी विचारायचे, "घरात का जात नाहीस गं?" ती म्हणायची, "बस, ऐसे ही, काकू."

घरात माणूस गेलं की त्या वर्षी सणाची कढई चढवत नाहीत, शेजारच्यांनी, सोयऱ्यांनी फराळ आणून द्यायचा असतो. हे आमच्याकडे आहे आणि साळव्यांकडेही होतं. मार्थाच एकदा म्हणाली होती, "धर्म बदलला वहिनी, पण कढई तीच ना." पण दिल्लीत तिला कोण सोयरं? खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई भल्या होत्या, रोज विचारपूस करायच्या, पण त्यांना ही रीत कुठून माहीत असणार! डिसेंबर निम्मा सरला आणि समोरून लोण्याचा वास आला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काम दुसऱ्या कुणाचं नाही, माझं आहे. त्या घरातला त्या पोरीचा हा शेवटचा नाताळ, आणि डबा गेला तर आमच्याच दारातून जाणार.

चकल्या, करंज्या मी हातासरशी केल्या. प्रश्न चांदण्यांचा होता. ज्या बाईचा नवरा जाऊन महिना झालाय तिला कृती विचारायला जायची? शक्यच नव्हतं. हे म्हणाले, "बाजारातून आण."

"बाजारातलं नेऊन ठेवायला मी काय त्यांच्या ऑफिसातून आलेय?" मी म्हटलं.

मी बाजारात जाऊन साचा आणला. दुकानदार म्हणाला, "पूरा सेट ले लो जी, घंटी है, पेड़ है." मी म्हटलं, नको, चांदणी तेवढी द्या. मला दुसरं काही माहीतच नव्हतं. टुटीफ्रुटीचं पाकीट घेतलं. आणि सहा अंडी. आमच्या स्वयंपाकघरात त्याआधी अंडं आलेलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, त्यांचं त्यांच्या पद्धतीनेच व्हायला पाहिजे, आपली सोय बघायची नाही. केवढा तो मोठेपणा! सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून मी अंडी फेटली, भांडं वेगळं ठेवलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पीठ भिजवताना मात्र हात आपल्या वळणावर गेला. मैदा घेतला, साखर दळून घातली आणि लोणी कडकडीत तापवून ओतलं. मोहन! शंकरपाळ्याला घालतात तसं. चर्र आवाज आला, मला वाटलं झकास जमलं.

ओव्हन माझ्याकडे नव्हता. पण दिल्लीत थंडीच्या दिवसांत लोक आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात आणि समोर उभं राहून बिस्किटं भाजून घेतात, मोठमोठे पत्र्याचे डबे भरून. बाजाराच्या मागच्या गल्लीत अशी एक भट्टी होती. मी घरीच चांदण्या कापल्या, परातीत मांडून, फडकं घालून नेल्या. रांगेत सगळे कणकेची साधी बिस्किटं करवणारे. माझ्या परातीकडे माना वळल्या. भट्टीवाले चाचा, पांढरी दाढी, बाह्या वर केलेल्या, त्यांनी माझ्या चांदण्या ट्रेवर घेतल्या आणि आत सरकवल्या.

दहा मिनिटांनी ट्रे बाहेर आला. त्यावर एकही चांदणी नव्हती. सगळ्या वितळून, एकमेकींच्या गळ्यात पडून, कडेपासून कडेपर्यंत एकच पोळी झाली होती आणि तिच्यावर टुटीफ्रुटीचे लाल ठिपके. मागचा एक सरदारजी म्हणाला, "मैडम, पिज़्ज़ा बनाया है?" मला रडू यायला लागलं होतं आणि रागही येत होता.

चाचांनी पोळीचा तुकडा मोडला, चुरून पाहिला. "बहनजी, मक्खन गरम करके डाला है आपने."

"हमारे यहाँ ऐसे ही डालते हैं."

"वो तलने में चलता है. भट्टी में मक्खन ठंडा चाहिए. गूँधो, ठंड में रखो, पत्थर हो जाए तब काटो. ठंड तो मुफ़्त की है दिल्ली में, बहनजी." आणि मग जरा हळू आवाजात, "किसके लिए है?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "कल दोपहर में ले आना. भीड़ से पहले डाल दूँगा."

तर दुसऱ्यांदा. लोणी गार, हात गार, अंडं फेटून घातलेलं. गोळा स्टीलच्या डब्यात घालून बाल्कनीत ठेवला. बाहेर समोरचा ब्लॉक दिसत नाही इतकं धुकं. दोन तासांनी गोळा इतका कडक झाला की लाटण्यावर सगळा भार टाकून लाटावा लागला. कापल्यावर टोकं तशीच्या तशी राहिली. मग टुटीफ्रुटी. लाल घेतली, लाल शोभून दिसते म्हणून. साळवे साहेबांनी अर्ध्या तासात डबाभर बसवल्या असत्या, मला सकाळभर पुरल्या आणि निम्म्या तरी वाकड्या. "वाकडी बसली!" म्हणायला दारात कुणी नव्हतं. मी तिथे टेबलाशी एकटीच बराच वेळ रडले.

या वेळी चांदण्या चांदण्याच बाहेर आल्या. चाचांनी एक माझ्या हातावर ठेवली, गरम. "चखिए." मी चाखली. चांगली होती. पण मार्थासारखी झाली होती का? भट्टीसमोर उभी असताना माझ्या ध्यानात आलं की ते मला सांगताच येणार नाही. अकरा वर्षं ज्या बिस्किटांना खुसखुशीत म्हणत आले, ती गोड होती की बेताची, वेलची होती की नव्हती, काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं. मी शरमेने लाल झाले. चाचांना वाटलं भट्टीची धग लागली, त्यांनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं.

आजही मला ते माहीत नाही. मार्थाशी फोनवर बोलणं होतं, रूथ पुण्याला नोकरी करते, गेल्या वर्षी तिने एका मुलाचा फोटोही पाठवला आणि "मम्मीला अभी नाही सांगायचं" म्हणाली. पण तो ओव्हन श्रीरामपूरला नेताना मोडला, मार्थाचे हात आता दुखतात, ती बिस्किटं करत नाही. कृती तिने मला फोनवर सांगितली आहे. मी दर डिसेंबरला करते. आमचे हे म्हणतात, छान झाल्यात. होत असतीलही.

तर त्या वर्षी चोवीस तारखेच्या दुपारी मी डबा घेऊन समोरचं दार वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा डबा त्या दिशेने आधी गेला. रूथने दार उघडलं. मार्था बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसली होती. मी चकल्या, करंज्या टेबलावर ठेवल्या आणि मग स्टीलचा डबा उघडला. मार्था उठून आली. चांदण्यांकडे बघत नुसती उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

रूथने एक उचलली. चावली. थांबली. पुन्हा चावली.

"मम्मी, यात अंडा आहे."

"असू दे ना गं," मार्था पटकन म्हणाली.

"पण स्टारमध्ये अंडा नसतो ना! स्टार तो काकूंचे असतात. आपली बेल असते, अंडावाली." मग माझ्याकडे वळून, समजावून सांगावं तसं, "काकू, तुमचे स्टार मम्मी सगळ्यात आधी बनवते. वेगळ्या बर्तनमध्ये. ओव्हन पण आधी धुते. आणि पापा ग्रीन डॉट लावायचे, पाकिटावर असतो ना व्हेजवाला, तसा. आजींना दुरून दिसायला पाहिजे म्हणून." तिने डब्यात पाहिलं. "तुम्ही रेड लावलाय. म्हणजे बरोबर आहे. अंडावाला."

मार्था म्हणाली, "रूथ, खाली जाऊन बघ गं दूधवाला आलाय का." दूधवाला दुपारी येत नसे. पोरगी शहाणी, गेली.

मी खुर्ची धरून बसले. खोटं बोलायची सवय इतकी मुरलेली की याही वेळी तोंडात काहीतरी तयार होतं. विसरले, गडबडीत लक्षात आलं नाही, असलं काहीतरी. ते मी गिळलं.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमची एकही चांदणी मी कधी खाल्लेली नाही."

मार्था पुन्हा बाल्कनीत जाऊन बसली, मी तिच्यामागे जाऊन समोर बसले, आणि तिने मटारची शेंग हातात घेतली. "माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. कमला माझ्याकडेही भांडी घासायची ना. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, दीदी, बच्चों को आपके तारे बहुत अच्छे लगे."

मला कुठे बघावं कळेना. खाली लॉनवर बायका खुर्च्या उन्हात सरकवत होत्या. मी म्हटलं, "मग सांगायचं नाही का मला? एकदा तरी, की अंडं नाहीये म्हणून?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "न विचारता कसं सांगू? बिनअंड्याचं आहे, आता तरी खा, असं म्हणायचं का मी?"

"आणि तरी दर वर्षी वेगळ्या भांड्यात? कमलाच्या पोरांसाठी?"

"तिची पोरं तर घंटाही खायची, तिला वेगळ्या देत होतेच की." ती जरा हसली. "पहिल्या वर्षी वाईट वाटलं मला. हे म्हणाले, पुढच्या वर्षी पाठवू नकोस. मी म्हटलं, बरं. पण डिसेंबर आला आणि तुमचं दार समोरच. म्हटलं, जाऊ दे, पाठवते. आणि अंडं घालायला हातच जाईना. वाटायचं, न जाणो, या वर्षी वहिनींनी एखादी उचललीच, तर त्यात अंडं निघायला नको."

शेंगेतले दाणे ताटात पडले. तिने दुसरी शेंग घेतली.

मी उठले, टेबलाशी गेले, डब्यातून एक चांदणी उचलली आणि तिच्यासमोर उभी राहून खाल्ली. अकरा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा मी काहीतरी खाल्लं, आणि तेही माझ्याच हातचं.